वर्गातल्या खेळांतून वाचन: शिक्षकांना नेहमी पडणारे प्रश्न

पहिली-दुसरीला मराठी वाचायला शिकवणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. तिसरी-चौथीत पोचूनही अडखळत वाचणाऱ्या मुलांनाही त्यातली बहुतेक लागू पडतात.

खेळून मूल खरेच वाचायला शिकते, की नुसता तास मजेत जातो?

दोन्ही होऊ शकते. फरक कशाने पडतो ते एका साध्या हिशेबावरून कळते: खेळ चालू असताना प्रत्येक मुलाने किती अक्षरे किंवा किती शब्द स्वतः वाचले?

४० मुलांच्या वर्गाचे दोन संघ केले, दोन्हीकडून एकेक मूल फळ्यापाशी बोलावले आणि दर खेपेला अर्धा मिनिट गेला, तर २० मिनिटांत ८० मुलांच्या पाळ्या होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन शब्द. बाकीचा सगळा वेळ आरडाओरडा. तीच मुले जोडीने बसवली, मध्ये कार्डांची गड्डी ठेवली आणि एका कार्डाला १० सेकंद धरले, तरी १० मिनिटांत जोडी ६० कार्डे वाचते, प्रत्येकी ३०. पहिला खेळ बघायला रंगतदार, दुसरा बघायला कंटाळवाणा. शिकवतो मात्र दुसराच.

दुसरी कसोटी: न वाचता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर काही मुले नक्की तसाच जिंकतील. त्यात त्यांची लबाडी नाही, नियम ढिला आहे.

मग धडा शिकवायची गरज उरत नाही?

उरते. नवे अक्षर, नवी मात्रा, नवे जोडाक्षर आधी सरळ शिकवायचे: आकार दाखवायचा, आवाज सांगायचा, दोन-तीन शब्दांत वाचून दाखवायचे. खेळ त्यानंतरच्या सरावासाठी. जे शिकवलेलेच नाही ते खेळातून ‘आपोआप’ उमगेल अशी आशा धरली की हुशार मुले ओळखून पुढे जातात आणि बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.

अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० सालच्या अहवालात वाचनशिक्षणाची पाच अंगे मांडली: ध्वनींची जाणीव, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. ते काम इंग्रजीबद्दलचे असले तरी आपला खेळ यातल्या कोणत्या अंगासाठी आहे, हे स्वतःला विचारायला ही यादी उपयोगी पडते. बहुतेक वर्गांत सगळे खेळ अक्षरओळखीचेच असतात, आणि अक्षरे येऊनही मूल पुढे का सरकत नाही याचे कोडे पडते.

रोज किती वेळ खेळावे?

१० ते १५ मिनिटे, रोज. आठवड्यातून एकदा तासभर खेळण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मांडामांड आणि आवराआवर यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त जात असतील तर साहित्य किंवा गट करण्याची पद्धत बदला. एक खेळ निदान दोन आठवडे तोच ठेवा आणि आतली कार्डे बदला. रोज नवा खेळ आणला तर मुलांची सगळी शक्ती नियम समजून घेण्यात जाते.

अक्षरे शिकवायच्या आधी खेळ घेता येतात का?

येतात, आणि घ्यावेत. ते कानाचे खेळ असतात, त्यांना कार्ड लागत नाही. टाळ्या वाजवत शब्द तोडणे (बा-द-ली, तीन टाळ्या), ‘म’ने सुरू होणारी वर्गातली वस्तू शोधणे, शब्दाचा शेवटचा आवाज ओळखणे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे आवाज काढून टाकणे: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? मळ. ‘गाजर’मधला ‘गा’ काढला तर? जर. हे ज्या मुलाला जमत नाही, त्याला सुटी अक्षरे जोडून शब्द वाचणे जड जाते, म्हणून हे खेळ अक्षरओळख सुरू झाल्यावरही दोन-तीन मिनिटे चालू ठेवा.

शब्दांच्या भेंड्या या गटात बसतात. तोंडी भेंड्यांनी शब्द वाढतात, कान तयार होतो, पण वाचन होत नाही. वाचन हवे असेल तर प्रत्येक शब्द फळ्यावर लिहायचा आणि पुढच्या मुलाने आधीचा शब्द वाचून मगच आपला सांगायचा.

कोणत्या अक्षरांपासून सुरुवात करावी? ‘अ आ इ ई’ या क्रमाने खेळ रंगत नाहीत.

त्या क्रमाने रंगणार नाहीतच, कारण स्वर ओळीने शिकून वाचण्याजोगे शब्द फारच थोडे बनतात. सहा-सात अक्षरे आणि एक स्वरचिन्ह असा गट घ्या, ज्यातून लगेच शब्द निघतील. उदाहरणार्थ क, म, न, र, ळ, घ आणि काना. एवढ्यातून घर, नळ, कमळ, मन, कान, नाक, मान, काम, घाम, माळ, घार, काका, मामा, नाना हे शब्द मिळतात. ‘काका, काम करा’ हे अख्खे वाक्यही मिळते. पहिल्याच महिन्यात वाक्य वाचता आले की मुलाच्या चेहऱ्यावरूनच कळते.

गट पाडताना एक पथ्य पाळा: दिसायला सारखी अक्षरे एका गटात घालू नका. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष आणि फ, थ आणि य, व आणि ब आणि क, ट-ठ-ढ-द, ड आणि इ. एक पक्के झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, दुसरे आणा. दोन्ही वेगवेगळी पक्की झाली की मगच त्यांचा निवडानिवडीचा खेळ घ्या: २० कार्डांची मिसळ, डावीकडे घ, उजवीकडे ध, आणि प्रत्येक कार्ड ठेवताना मोठ्याने उच्चार. ‘ख’ची गोष्ट आणखी निराळी. हाताने लिहिताना ‘ख’चे दोन भाग सुटले की ‘खा’चा ‘रवा’ होतो. कार्डावर ते भाग खाली जोडलेलेच हवेत.

कार्डे कशी करावीत?

ए-४ आकाराच्या कागदाचे आठ समान तुकडे केले की सुमारे १०.५ × ७.४ सेंटिमीटरचे कार्ड होते. जोडीने किंवा चौघांत खेळायला हा आकार नेमका. अख्ख्या वर्गाला दाखवायचे असेल तर ए-४चा अर्धा भाग घ्या आणि अक्षर निदान ८ सेंटिमीटर उंच काढा. कागद २०० ते २५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जाड हवा. साधा कागद वापरला तर मागून अक्षर दिसते, आणि पालथ्या कार्डांचा खेळ तिथेच संपतो.

बारीकसारीक गोष्टी, पण नडतात त्याच:

- कार्डाच्या खालच्या कडेला एक रेघ ओढा, म्हणजे कार्ड उलटे धरले जात नाही.
- एका संचातल्या सगळ्या कार्डांच्या मागे एकाच रंगाचा ठिपका द्या. दहा संच जमिनीवर मिसळले गेले (आणि ते जाणारच) तर मुलेच रंग बघून निवडून देतात.
- अक्षर काळ्या शाईत, जाड टोकाने. स्वरचिन्ह लाल रंगात काढायचा मोह होतो. सुरुवातीला चालेल, पण पंधरवड्यात काळ्यावर या, नाहीतर मूल रंग वाचायला लागते.
- ल आणि श यांची दोन वळणे छापलेली आढळतात. पाठ्यपुस्तकात असेल ते एकच वळण आधी वापरा, दुसऱ्याची ओळख नंतर.
- कोपरा दुमडलेले किंवा डाग पडलेले कार्ड लगेच बदला. मुले त्या डागावरून शब्द ‘वाचतात’.

जोड्या जुळवण्याचा पालथ्या कार्डांचा खेळ मुलांना फार आवडतो. तो चांगला का?

नेहमीच्या रूपात नाही. दोन ‘क’ सापडले की जोडी झाली, असा नियम असेल तर मूल नुसता आकार जुळवते. ‘क’चा आवाज माहीत नसलेले मूलही जिंकते, आणि स्मरणशक्ती चांगली असलेले तर नेहमीच. तीन बदल करा. जोडी शब्द आणि चित्र यांची ठेवा. कार्ड उलटताच ते मोठ्याने वाचायचे. वाचले नाही तर जोडी जुळली तरी मिळणार नाही. आणि कार्डे १२च ठेवा, म्हणजे सहा जोड्या, चारच्या तीन ओळी. २४ कार्डे मांडली की खेळ लांबतो आणि आपल्या पाळीची वाट बघणारी मुले खिडकीबाहेर बघू लागतात.

याच कार्डांचा ‘कोण गायब?’ हा खेळ जास्त वाचायला लावतो. सहा शब्दकार्डे सुलटी मांडा, सगळ्यांनी ती वाचायची, मग डोळे मिटायचे. एक कार्ड काढून घ्या आणि उरलेली पाच हलवून नव्याने मांडा. गायब शब्द ओळखायला पाचही शब्द पुन्हा वाचावे लागतात. हलवले नाही तर मूल फक्त रिकामी जागा बघते.

मोठ्या वर्गात एकाच वेळी सगळ्यांना वाचायला लावणारा खेळ कोणता?

शब्दांची हाऊजी. ३ × ३चा चौकोन, नऊ शब्द. एकूण यादी १२ शब्दांची, म्हणजे प्रत्येक तिकिटावर त्यातले तीन शब्द नसतात. शेजारी बसणाऱ्यांची तिकिटे वेगळी हवीत. शब्द तेच राहिले तरी जागा बदलल्या की पुरे.

शब्द पुकारणाऱ्याने तो दाखवायचा नाही, फक्त म्हणायचा. दाखवला तर मुले आकार जुळवतात. शब्द दोनदा म्हणा, मग मनात पाच आकडे मोजा. घाई केली की मागची मुले शेजाऱ्याच्या तिकिटात डोकावतात, आणि एकदा ती सवय लागली की सुटत नाही. खुणेसाठी पेन न देता खडे किंवा बिया द्या, तिकिटे पुन्हा वापरता येतात.

पहिली ओळ भरली की थांबायचे आणि जिंकलेल्या मुलाने आपले तिन्ही शब्द वाचून दाखवायचे. पूर्ण तिकीट भरेपर्यंत ताणू नका. शेवटच्या टप्प्यात फक्त दोन-तीन मुलेच खेळत असतात. यादी निवडण्यात खरे कसब आहे. कान, काम, काळ, मान, माळ, मामा असे जवळजवळचे शब्द घातले तर मुलाला शेवटपर्यंत वाचावेच लागते. कमळ, घार, नाना असे दुरदूरचे घातले तर पहिल्या अक्षरावरच काम भागते.

फाशांचा, सापशिडीसारखा पट वापरला तर?

वापरा, पण नियम बदला. ३० घरांच्या पटावर प्रत्येक घरात एक शब्द असतो आणि ज्या घरात सोंगटी पडेल तो शब्द वाचायचा असतो. एका फाशाचे सरासरी दान साडेतीनचे, म्हणजे मूल साधारण नऊ दानांत पट संपवते आणि नऊच शब्द वाचते. त्याऐवजी ‘ज्या घरांवरून जाल ती सगळी वाचा’ असा नियम केला की तोच पट जवळजवळ तीसही शब्द वाचून घेतो. चुकले तर सोंगटी परत न्यायची नाही, साथीदाराने शब्द सांगायचा, मुलाने तो पुन्हा वाचायचा आणि पुढे जायचे.

या पटाचा आणखी एक गुण असा, की जिंकणे दानावर असते. सावकाश वाचणारे मूलही अधूनमधून पहिले येते, आणि उद्या खेळायला तयार असते.

अक्षरे सगळी येतात, पण मूल ‘घ… र…’ म्हणून थांबते. शब्द होत नाही. काय करावे?

ही अडचण सर्वात जास्त भेटते, आणि तिचे एक कारण आपल्याच शिकवण्यात दडलेले असते. आपण अक्षराचे नाव ‘घऽ’, ‘रऽ’ असे लांबवून शिकवतो. मुलाने ‘घऽरऽ’ असेच जोडले तर ते चुकत नाही, पण मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारात गळतो. आपण ‘घर्’ म्हणतो, ‘कमळ्’ म्हणतो. मधला ‘अ’सुद्धा गळतो: लिहितो ‘करवत’, म्हणतो ‘कर्वत्’. मुलाला हा नियम सांगून उपयोग नाही. ‘घऽरऽ असा कोणता शब्द तुला ठाऊक आहे?’ एवढेच विचारायचे. ओळखीचा शब्द असेल तर मूल स्वतः दुरुस्त करते. म्हणूनच सुरुवातीच्या कार्डांवर मुलाच्या बोलण्यातले शब्दच हवेत. अनोळखी शब्द कितीही अचूक जोडला तरी तो बरोबर आहे की चूक, हे मुलाला कळणार कसे?

यासाठी घसरगुंडीचा खेळ घ्या. दोन अक्षरकार्डे ३० सेंटिमीटर लांब ठेवा. मूल पहिल्यावर बोट ठेवून आवाज काढते, आवाज न तोडता बोट दुसऱ्यापर्यंत घसरवते. मग अंतर १५ सेंटिमीटर, मग ५, मग कार्डे चिकटवायची. बोटाचा वेग वाढत जातो तसे आवाज जवळ येतात. सुरुवात म, न, र, ल, स अशा लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा. क, ट, प हे आवाज ताणता येत नाहीत. दोन अक्षरी शब्द जमेपर्यंत तीन अक्षरी देऊ नका.

मूल पहिले अक्षर बघून बाकीचा शब्द ठोकून देते. ही सवय कशी मोडावी?

अंदाजाला जागाच मिळणार नाही अशी कार्डे द्या. शब्दांची शिडी यावर चांगली चालते: दर पायरीला एकच जागा बदलायची. काम, कान, मान, माळ, काळ, काळा. मुलाने नुसते नवे अक्षर न सांगता प्रत्येक वेळी पूर्ण शब्द वाचायचा. चित्रे काही दिवस बाजूला ठेवा. चित्र शब्दाच्या शेजारी असेल तर शब्द कोण वाचणार? ते मागे असावे, वाचल्यावर ताळा करायला.

बाराखडी तोंडपाठ आहे, तरी ‘कि’ वेगळी दाखवली की अडते.

कारण पाठ झाली ती चाल. क का कि की कु कू ही एक गाण्याची ओळ आहे, आणि मूल मधूनच उचलायला सांगितले की मनात सुरुवातीपासून म्हणत येते. बाराखडीच्या तक्त्यावर छडीने सरळ न जाता कुठेही ठेवा, तीन सेकंदांत उत्तर आले नाही तर ते अक्षर अजून यायचे आहे.

सरावासाठी सरकती पट्टी करा. जाड कागदाचा एक तुकडा घ्या, मधोमध व्यंजन लिहा. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर-खालीही जागा सोडून चिन्हांची पारदर्शक पट्टी त्यावरून सरकवा. इथेच बहुतेक चकत्या आणि पट्ट्या फसतात: काना उजवीकडे बसतो, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे. तिच्यासाठी जागा ठेवली नाही तर ‘कि’ कधी दाखवताच येत नाही. पहिली वेलांटी आणखी एका कारणाने अवघड आहे. डोळ्यांना ती आधी दिसते, उच्चारात नंतर येते. मूल ‘किरण’ ऐवजी ‘इकरण’ म्हणते ते यामुळे. तेव्हा ‘वेलांटी दिसली की अक्षर बघ, मग दोन्ही एकदम बोल’ एवढी सूचना पुरते.

चिन्हांचा क्रम: काना, मग दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, उकार, आणि त्यानंतर पहिली वेलांटी. अनुस्वार लवकर घ्यायला हरकत नाही, पण त्याचा आवाज पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: आंबा, संत, घंटा, पंख. नियम न सांगता असे शब्द एकत्र वाचून घ्या. ऱ्हस्व-दीर्घावरून वाचनाच्या खेळात गुण कापू नका; तो लेखनाचा विषय.

च, ज, झ यांचे दोन उच्चार खेळात कसे हाताळावेत?

‘चांगला’मधला च आणि ‘चित्र’मधला च वेगळे, ‘जागा’ आणि ‘जीभ’ वेगळे, ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ वेगळे. लिहायला अक्षर एकच. पहिल्या चित्रकार्डांत एकाच उच्चाराचे शब्द ठेवा. नंतर १२ शब्दांची दोन टोपल्यांत वाटणी करण्याचा खेळ घ्या. मुलाला दोन्ही उच्चार करून बघायची मुभा द्या. शब्द ओळखीचा असेल तर बरोबर कोणता ते कान सांगतो.

जोडाक्षरांसाठी एखादा खेळ?

घडीची कार्डे. त, म, न, स, ल, व, प, ग, च अशी शेवटी उभा दंड असलेली अक्षरे कार्डाच्या उजव्या कडेला लागून काढा. दंडाच्या किंचित डावीकडून कार्ड मागे दुमडले की दंड लपतो आणि अर्धे अक्षर उरते. शेजारी दुसरे कार्ड चिकटवा: स दुमडला, त ठेवला, झाले ‘स्त’. जोडाक्षर म्हणजे नवे अक्षर नसून दोन ओळखीची अक्षरे आहेत, हे इथे हातालाच कळते. चौघांच्या गटाला दहा कार्डे द्या आणि पाच मिनिटांत जेवढे खरे शब्द होतील तेवढे करायला सांगा.

ट, ठ, ड, ढ, द, ह यांना असा दंड नाही, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही. क आणि फ यांचा दंड मधोमध असतो, त्यांची अर्धी रूपे वेगळी दाखवा. द्य, द्ध, क्ष, ज्ञ ही शेवटी, आणि सरळ ओळख म्हणून. त्त, क्त यांची जुन्या वळणाची रूपे पुस्तकात आली तर तेव्हाच दाखवा.

‘र’साठी वेगळा आठवडा राखून ठेवा. ‘चक्र’मध्ये तो पायाशी, ‘ट्रक’मध्ये निराळ्या आकाराने, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन डोक्यावर, आणि ‘दऱ्या’त आडवा चंद्रकोरीसारखा. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो पण उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो, म्हणून मूल ‘सूर्य’चे ‘सूय्र’ करते. दर्या आणि दऱ्या ही जोडी कार्डावर देऊन अर्थ विचारा, एक समुद्र आणि एक डोंगरांमधली जागा. फरक लक्षात राहतो.

मूल शब्द वाचते पण काय वाचले ते सांगता येत नाही.

आज्ञापत्रांचा खेळ घ्या. कार्डावर वाक्य: ‘दार उघड’, ‘दोनदा उडी मार’, ‘पाटीवर गोल काढ आणि खाली बस’. मूल मनात वाचते आणि तसे करते. बाकीच्यांकडे पाच कार्डांची यादी असते. त्यातले कोणते केले ते ते ओळखतात, म्हणजे तेही वाचतात. मुलाला समजले की नाही हे प्रश्न न विचारता दिसते. ‘उडी मारू नको’ असे एखादे कार्ड मध्येच घाला. जो शेवटपर्यंत वाचत नाही तो उडी मारतोच.

कापलेल्या वाक्याचे तुकडे जुळवण्याचा खेळही चांगला, पण मराठीत शब्दांचा क्रम लवचीक असतो. ‘काल मामा घरी आला’ आणि ‘मामा काल घरी आला’ दोन्ही बरोबर. एकच उत्तर धरून बसलात तर अर्थ कळलेल्या मुलाला चूक ठरवाल. पूर्णविरामाचे वेगळे कार्ड द्या, शेवट ठरतो.

चुकले की बाद, या नियमाने चुरस येते. ठेवावा का?

नाही. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच मूल पहिल्या मिनिटात बाद होते आणि उरलेला वेळ बघत बसते. घड्याळाशी स्पर्धा लावा: आपल्या गटाने काल तीन मिनिटांत १८ कार्डे वाचली, आज किती? मात्र घाईत शब्द गिळले जातात, म्हणून चुकलेले कार्ड मोजायचे नाही, गड्डीच्या तळाशी घालायचे. ते पुन्हा समोर येते, आणि तेच हवे असते.

एकाच वर्गात काहींना अक्षरे येत नाहीत, काही गोष्ट वाचतात. खेळ एक कसा घ्यावा?

खेळ एकच, कार्डे वेगळी. एका रंगाच्या ठिपक्याची अक्षरकार्डे, दुसऱ्याची काना-मात्रेचे शब्द, तिसऱ्याची वाक्ये. नियम सगळ्यांना सारखे असल्याने सूचना एकदाच द्यावी लागते. गट चारचे करा. पाच झाले की एक मूल बाजूला पडते. सुमारे समान पातळीचे गट वाचनाच्या खेळाला बरे, कारण मिश्र गटात येणारा पटकन बोलून मोकळा होतो. दर दोन-तीन आठवड्यांनी गट बदला आणि गटांना ‘हुशार’, ‘कच्चे’ अशी नावे पडू देऊ नका. मुले ती चोवीस तासांत पाडतात, तेव्हा आपण आधीच रंगांची नावे द्यावीत.

घरी वेगळी बोली किंवा वेगळी भाषा बोलणारी मुले?

‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल वाचताना चुकत असेलच असे नाही. न आणि ण ही कार्डे शेजारी ठेवून ओळखायला सांगा. ओळखले, तर तो उच्चाराचा भाग आहे, खेळ थांबवून दुरुस्त करायचा नाही. मराठी घरात नसेल तर कार्डावरच्या शब्दाची वस्तू, चित्र किंवा कृती आधी दाखवा, दोन-तीनदा बोलून घ्या आणि मगच वाचायला द्या.

खेळात फाडफाड वाचणारे मूल पुस्तक उघडले की गप्प का होते?

बहुधा त्याला ती कार्डे पाठ झालेली असतात. ताळा सोपा आहे: त्याच अक्षरांचे, पण खेळात कधीच न आलेले पाच शब्द द्या. ते वाचले तर अडचण पुस्तकाची आहे (बारीक टंक, लांब ओळी, वेगळे वळण). नाही वाचले तर कार्डे बदला. प्रत्येक खेळाची शेवटची दोन मिनिटे पुस्तकासाठी ठेवा: आज खेळलेले शब्द पानावर शोधा, ते ज्या वाक्यात आहेत ते वाक्य वाचा.

कोणते खेळ सोडून द्यावेत?

अक्षरात रंग भरणे (वीस मिनिटांत एक अक्षर). शब्दशोधाचे मोठे चौकोन, कारण मूल शब्द न वाचता अक्षरांची रांग हुडकते. शिवाय काना-मात्रा चौकटीत कुठे घालायच्या हा गोंधळ असतोच. अक्षरलंगडी मैदानात जरूर खेळा, पण तिला वाचनाचा तास म्हणू नका. मोबाइलवरचे खेळ बघताना एकच पाहा: मूल मोठ्याने काही वाचते का, की बरोबर चौकोन लागेपर्यंत बोटाने टिचक्या मारते?

प्रगती कशी मोजावी?

महिन्यातून दोनदा, प्रत्येक मुलाबरोबर दोन मिनिटे, बाकी वर्ग जोडीने खेळत असताना. विस्कळीत क्रमाने १० अक्षरे, न खेळलेले पाच शब्द, चार ओळींचा उतारा आणि त्यावर एक प्रश्न. वहीत नुसते ‘बरोबर’ न लिहिता मूल काय म्हणाले ते लिहा. ‘भ’ला ‘म’ म्हटले, ‘कि’ला ‘क’ म्हटले, हेच पुढच्या पंधरवड्याची कार्डे ठरवते.

खेळूनही काहीच पुढे जात नाही असे मूल असेल तर?

आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. फळ्यावरचे न दिसणारे मूल तसे क्वचितच सांगते. सुरुवातीच्या काळात अक्षरे उलटसुलट लिहिणे बऱ्याच मुलांत दिसते, तेवढ्यावरून वाचनदोषाचा शिक्का मारू नका. मात्र रोजच्या सरावानंतरही सहा-आठ महिने मोजकी अक्षरेही टिकत नसतील, आवाज तोडणे-जोडणे जमत नसेल, आणि बोलण्यात, समजण्यात मूल इतरांसारखेच असेल, तर विशेष शिक्षकाकडून किंवा मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करवून घ्या. जाताना आपली नोंदवही सोबत द्या. कोणत्या अक्षरावर, कोणत्या तारखेला मूल काय म्हणाले, याचा त्यांना उपयोग होतो. तपासणी होईपर्यंत त्या मुलाचे खेळ बंद करू नका. फक्त एका वेळी तीनच अक्षरे ठेवा आणि तीच दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे खेळा.